मंगळाचा सातबारा कोणाच्या नावे?

करारनाम्यातील बारीक अक्षर कोणी वाचत नाही, आणि वाचले जाऊ नये हाच बहुधा त्या बारीक अक्षराचा हेतू असतो. अमेरिकेतील स्पेसएक्स या कंपनीने आपल्या स्टारलिंक नावाच्या इंटरनेट सेवेसाठी २०२० साली ग्राहकांपुढे जो करारनामा ठेवला, त्यात असेच एक कलम होते. पृथ्वीवर आणि चंद्रावर दिलेल्या सेवेस कॅलिफोर्निया राज्याचे कायदे लागू राहतील, मंगळ हा मात्र मुक्त ग्रह आहे आणि तेथील व्यवहारांवर पृथ्वीवरील कोणत्याही सरकारची सत्ता अगर सार्वभौमत्व चालणार नाही हे उभय पक्षांस मान्य आहे, असा त्या कलमाचा आशय. अनेकांनी ते विनोद म्हणून सोडून दिले. परंतु ज्या जमिनीवर अद्याप एकाही माणसाचे पाऊल पडलेले नाही, तिच्यावर कोणाचा कायदा चालणार नाही हे एका खासगी कंपनीने आपल्या ग्राहकाकडून अगोदरच कबूल करून घ्यावे, ही घटना हसण्यावारी नेण्याइतकी साधी नाही. गाव वसण्याआधीच तेथे तलाठी असणार नाही याची तजवीज करून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

परग्रहांना पृथ्वीसारखे रूप देऊन ते माणसाच्या वस्तीस योग्य करण्याची कल्पना या कंपनीच्या मालकाची नव्हे. तिच्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला 'टेराफॉर्मिंग' हा शब्द जॅक विल्यमसन या कथालेखकाने १९४२ साली योजला. कथेतली ही कल्पना शास्त्राच्या दारात आणली ती कार्ल सेगन यांनी. शुक्राच्या ढगांत शेवाळासारखे सूक्ष्म जीव सोडले तर ते तेथील कार्बन डायऑक्साइड खाऊन ग्रह थंड करतील, असे त्यांनी १९६१ साली सुचविले. पुढे शुक्राची खरी अवस्था कळली. पृष्ठभागावर साडेचारशे अंशांहून अधिक उष्णता, पृथ्वीच्या सुमारे नव्वद पट वायुदाब आणि गंधकाम्लाचे ढग. शुक्राचा नाद सुटला आणि सर्वांची दृष्टी मंगळाकडे वळली. अमेरिकेच्या 'नासा' या सरकारी संस्थेने १९७६ साली मंगळाच्या वास्तव्ययोग्यतेविषयी एक अभ्यासही प्रसिद्ध केला.

मंगळाची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती अगदीच लंगडी नाही. त्याचा दिवस पृथ्वीच्या दिवसाहून केवळ चाळीसेक मिनिटांनी मोठा आहे. त्याचा अक्ष पृथ्वीसारखाच कललेला असल्याने तेथे ऋतू आहेत. ध्रुवांवर बर्फ आहे, जमिनीखालीही आहे, आणि कधीकाळी तेथे पाणी वाहिल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. मात्र आजचा मंगळ हा मेलेल्या नदीसारखा आहे. त्याचा वायुदाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, आणि जी हवा आहे तिच्यातील पंचाण्णव टक्के कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडतीस टक्के. एवढ्या गुरुत्वात मूल गर्भात कसे वाढते हे कोणीही कधी पाहिलेले नाही. 'फिनिक्स' या यानाने २००८ साली तेथील मातीत परक्लोरेटचे क्षार शोधले. ते माणसाच्या थायरॉइड ग्रंथीला अपायकारक असतात, म्हणजे ती माती धुतल्याशिवाय तीत मेथीची जुडीसुद्धा पिकविता येणार नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की पृथ्वीसारखे ग्रहव्यापी चुंबकीय कवच मंगळाला नाही. ते अब्जावधी वर्षांपूर्वीच नाहीसे झाले, आणि सूर्यापासून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने वातावरणाचा मोठा भाग अवकाशात उडून गेला. २०१४ पासून मंगळाभोवती फिरलेल्या 'मॅव्हेन' यानाने ही गळती प्रत्यक्ष मोजली.

या ग्रहाला ऊब कशी द्यावयाची? जेम्स लव्हलॉक आणि मायकेल अ‍ॅलबी यांनी १९८४ साली एक उपाय सुचविला. लष्करातून बाद झालेल्या रॉकेटांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू मंगळावर नेऊन सोडावेत, म्हणजे ते उष्णता धरून ठेवतील. तीनच वर्षांनी, १९८७ साली, माँट्रियल येथे याच वायूंवर निर्बंध घालणारा करार जगातील राष्ट्रांना करावा लागला, कारण त्यांनी पृथ्वीचे ओझोनचे छत्र फाडावयास आरंभ केला होता. स्पेसएक्सचे मालक एलॉन मस्क यांनी २०१५ साली याहून सोपा मार्ग सांगितला : मंगळाच्या ध्रुवांवर अण्वस्त्रे टाकावीत, बर्फ वितळेल आणि कोंडलेला वायू मोकळा होईल. हिरोशिमानंतर सत्तर वर्षांनी अण्वस्त्रांचे एक विधायक कार्य सापडले म्हणावयाचे!

प्रत्यक्षात तो वायू पुरेसा आहे काय, याचा हिशेब ब्रूस जेकॉस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी २०१८ साली मांडला. यांतील जेकॉस्की हे तेव्हा 'मॅव्हेन' मोहिमेचे प्रमुख होते. म्हणजे मंगळाविषयी आकस असलेला हा गृहस्थ नव्हे. ध्रुवांवरचा, मातीत मुरलेला आणि सहज हाती लागणाऱ्या खनिजांतला असा सर्व कार्बन डायऑक्साइड मोकळा केला, तरी वायुदाब पृथ्वीच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंतच जाईल आणि तापमान दहा अंशांनीही वाढणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हवे आहेत साठ अंश. आजच्या तंत्रविद्येने हे शक्य नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. २०२४ साली दुसऱ्या एका गटाने मंगळावरच्याच लोह व अ‍ॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण सतत हवेत उधळून तीस अंशांहून अधिक ऊब मिळविता येईल, असे गणित मांडले. कल्पना चतुर आहे, परंतु तिने ग्रह तापेल, श्वास घेण्याजोगा होणार नाही. प्राणवायूसाठी वनस्पतींवाचून गत्यंतर नाही, आणि त्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज ख्रिस्तोफर मॅके प्रभृतींनी १९९१ साली दिलेला आहे. तो आहे सुमारे एक लाख वर्षांचा.

येथे अर्थशास्त्राला बोलावणे आवश्यक होते. भविष्यातील लाभाचे आजचे मूल्य काढताना व्याजाच्या दराने तो लाभ घटवावयाचा असतो, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो. दर अवघा तीन टक्के धरला, तर एक हजार वर्षांनंतर मिळणाऱ्या एक लाख कोटी रुपयांचे आजचे मूल्य पंधरा पैसेही भरत नाही. येथे तर काळ हजार वर्षांचा नसून लाखाचा आहे. भावी पिढ्यांच्या हिताला अशी व्याजाची कात्री लावावी की नाही, हा नीतीचा गंभीर प्रश्न आहे आणि समाजवाद्यांनी ही कात्री नेहमीच नाकारली आहे. परंतु भांडवलदार ती नाकारीत नाही. तिच्यावरच त्याचे सारे ताळेबंद चालतात. मग तिमाही नफ्यावर डोळा ठेवणारा माणूस लाख वर्षांच्या कामात पैसा घालतो आहे, यावर विश्वास कसा ठेवावा? तो पैसा दुसऱ्याच कशात तरी घातला जात आहे आणि मंगळ हे त्या दुकानावरचे फलक आहे, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

पैशाचा मागही काढण्यासारखा आहे. खासगी साहसाचे प्रतीक म्हणून जिचा गौरव होतो, ती स्पेसएक्स कंपनी २००८ साली अखेरच्या घटका मोजीत होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला अंतराळस्थानकाकडे माल पोहोचविण्याच्या बारा फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले आणि ती तगली. २०२१ साली चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या यानासाठी तिला आणखी २.८९ अब्ज डॉलरचे कंत्राट मिळाले. कंत्राट देणे गैर नव्हे, आणि परत वापरता येणारे रॉकेट त्या कंपनीच्या अभियंत्यांनी सिद्ध केले हेही मान्य केले पाहिजे. ते मोठे काम आहे. परंतु धोका सार्वजनिक तिजोरीने पत्करावा आणि 'मुक्त ग्रह' मात्र कंपनीने घोषित करावा, ही विभागणी कोणत्या न्यायाने झाली? या बाबतीत जेफ बेझोस अधिक प्रामाणिक म्हणावयास हवेत. जुलै २०२१ मध्ये अवकाशाच्या उंबरठ्याला शिवून परतल्यावर त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे व ग्राहकाचे आभार मानले, कारण या साऱ्याचे पैसे त्यांनीच भरले होते. वरकड मूल्याचा सिद्धान्त इतक्या थोडक्यात भल्याभल्या प्राध्यापकांनाही सांगता आलेला नाही.

मस्क यांना मंगळावर दहा लाख लोकांचे शहर हवे आहे. २०१६ साली मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे भरलेल्या अंतराळ परिषदेत त्यांनी ही योजना मांडली. ज्यांच्यापाशी प्रवासखर्च नसेल त्यांनी काय करावे, याचेही उत्तर त्यांनी २०२० च्या जानेवारीत दिले. अशांना कर्ज मिळेल, आणि मंगळावर नोकऱ्या पुष्कळ असतील. कर्जाने समुद्रापार जावयाचे आणि तेथे काम करून ते फेडावयाचे, ही योजना भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. त्यांत कोकणातून व आसपासच्या भागातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपले मराठीपण जपून आहेत. 'अ‍ॅग्रीमेंट'चे झाले 'गिरमिट' आणि माणसे झाली गिरमिटिया. मळेवाल्याने भाडे भरावयाचे, मजुराने ठरलेली वर्षे राबावयाचे, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापून घ्यावयाचे, असा तो करार. या प्रथेच्या संपूर्ण बंदीसाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला. तो फेटाळला गेला, आणि मजूरभरती थांबावयास १९१७ साल उजाडावे लागले. त्या मजुराची झोपडी, रेशन आणि दुकान मळेवाल्याच्या हाती होते, पण निदान हवा त्याच्या मालकीची नव्हती. मंगळावर ती असेल. ज्या शहरात प्राणवायू कंपनीच्या कारखान्यात तयार होतो, परतीचे यान कंपनीचे आहे आणि पृथ्वीवरील एकाही सरकारचा कामगार कायदा लागू नाही, तेथे संपाची नोटीस कोणी कोणाला द्यावयाची?

मराठीत 'वसाहत' हा शब्द कामगारांच्या घरांनाही लागतो आणि साम्राज्याच्या अंकित प्रदेशालाही लागतो. मंगळाच्या जाहिरातीत पहिला अर्थ दाखविला जातो. करारनाम्यात मात्र दुसरा लिहिलेला आहे.

याचा अर्थ अवकाशाचे स्वप्न हे केवळ धनिकांचे चाळे आहेत असा करण्याचे कारण नाही. ते स्वप्न प्रथम डाव्यांनीच अधिक गांभीर्याने पाहिले. लेनिनचे सहकारी व पुढे प्रतिस्पर्धी झालेले अलेक्झांडर बोग्दानोव्ह यांनी १९०८ साली मंगळावरील समाजवादी समाजाची कादंबरी लिहिली. तीत साधनसंपत्ती आटत चाललेले मंगळवासी पृथ्वी बळकवावी काय आणि त्यासाठी येथील माणसे नष्ट करावीत काय, यावर वाद घालतात. समाजवादी समाजापुढेही वसाहतीचा मोह उभा राहू शकतो, हे त्या लेखकाने क्रांतीच्या नऊ वर्षे आधी ओळखले होते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ साली माणूस शुक्रावर वस्ती करतो असे चित्र रंगविले, आणि त्यात तेथील मूळ जीवसृष्टी समूळ मारली जाते, हेही लपविले नाही. पुढे हेच हाल्डेन भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. मंगळावर जर सूक्ष्म जीव सापडले तर तो ग्रह त्या जीवांचा समजून माणसाने तेथून हात काढून घ्यावा, असे सेगन यांनी पुढे म्हटले. ज्याने शुक्रावर शेवाळ पेरण्याची कल्पना काढली, त्याच माणसाचे हे म्हणणे, म्हणून त्याचे मोल अधिक.

एखादे जग हाताने घडविणे किती अवघड आहे याचे प्रयोग पृथ्वीवर झाले आहेत. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका तेलसम्राट घराण्यातील वारसाच्या पैशाने सव्वातीन एकरांहून थोड्या कमी जागेवर काचेचे एक बंद जग उभारण्यात आले आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे त्यात दोन वर्षांसाठी राहावयास गेली. आत छोटे जंगल होते, छोटा समुद्र होता, शेत होते. पैशाची ददात नव्हती, शास्त्रज्ञांची नव्हती, आणि भिंतीपलीकडे अख्खी पृथ्वी उभी होती. तरी सोळा महिन्यांत हवेतील प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. मातीतील जीवाणू तो अपेक्षेहून झपाट्याने खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचे काँक्रीट मुकाट्याने शोषीत होते. म्हणून गळती कोठे आहे हे बराच काळ उमगलेच नाही. अखेर बाहेरून प्राणवायू भरावा लागला. परागीभवन करणारे कीटक मेले. मुंग्या आणि झुरळे मात्र उदंड झाली. दोन वर्षे पुरी झाली खरी, आणि त्या आठ जणांची चिकाटी वाखाणण्याजोगीच होती, पण मंगळावर काचेबाहेर प्राणवायू नाही.

दुसरे उदाहरण समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी विसरू नये असे आहे. निसर्गाला हुकमाने वळविण्याची हौस केवळ भांडवलशाहीला होती असे नाही. स्टालिनने १९४८ साली निसर्गाच्या परिवर्तनाची महायोजनाच जाहीर केली होती. पुढे मध्य आशियात कापूस पिकविण्यासाठी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळविण्यात आले. १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेला, जगातील चौथ्या क्रमांकाचा अरल समुद्र २००७ पर्यंत दहाव्या हिश्शाएवढा उरला. उझबेकिस्तानातील मोयनाक या एकेकाळच्या बंदरात जहाजे आज वाळूत रुतलेली आहेत, आणि उघड्या पडलेल्या तळाचे खारे, कीटकनाशकांनी माखलेले धुळीचे लोट गावांवर येतात. कझाकस्तानने २००५ साली एक साधा बांध घालून उत्तरेकडचा लहान भाग काहीसा पुन्हा भरून काढला आणि मासे परतले. बांध घालणे हे रुक्ष काम आहे. त्याची चित्रफीत कोणी पाहत नाही.

मुळात ग्रहाचे वातावरण बदलण्याचा एक प्रयोग गेली दोन शतके चालूच आहे, आणि तो पृथ्वीवर. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. एवढ्या फरकाने २०२४ हे औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीहून दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. हे १४० भाग कमी कसे करावेत यावर ज्यांचे एकमत होत नाही, ते दुसऱ्या ग्रहावर अख्खे वातावरण निर्माण करणार आहेत! पृथ्वी हातची जाईल तेव्हा विमा म्हणून मंगळ असावा, असा युक्तिवाद केला जातो. परंतु कितीही तापलेली, कितीही नासलेली पृथ्वी ही मंगळाहून राहावयास अनंत पटींनी बरी असेल. आणि त्या विम्याचा हप्ता सर्वांनी भरावयाचा असून पॉलिसी मात्र मोजक्यांच्या नावे निघणार आहे.

तेव्हा वाद मंगळावर जावे की न जावे हा नाही. विक्रम साराभाईंनी भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला तेव्हा चंद्र-ग्रहांच्या शर्यतीत बड्या राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची भ्रामक आकांक्षा नसल्याचे सांगून, समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी हे तंत्र वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी भूमिका घेतली होती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेणारा प्रयोग त्या दृष्टीचे फळ होता. २०१३ साली सुटलेले मंगळयान ४५० कोटी रुपयांत मंगळाभोवती पोहोचले, यात आनंद मानावा. ज्ञानासाठी केलेला तो खर्च माफकच होता. वाद आहे तो मालकीचा.

आणि तेथे भारताने स्वतःच गोंधळ करून ठेवला आहे. १९६७ च्या अवकाश कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर वा ग्रहांवर स्वामित्व सांगता येणार नाही असे ठरविले. १९७९ च्या चंद्र कराराने पुढचे पाऊल टाकले. चंद्र आणि सूर्यमालेतील इतर गोल यांची संपत्ती हा मानवजातीचा सामायिक वारसा असून तिच्या वापरासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था असावी आणि लाभाच्या वाटपात विकसनशील देशांकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात म्हटले आहे. बड्या राष्ट्रांनी त्याकडे पाठ फिरविली. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, पण अनुसमर्थन कधीच दिले नाही. दरम्यान अमेरिकेने २०१५ मध्ये व लक्झेंबर्गने २०१७ मध्ये अवकाशातून काढलेल्या खनिजांवर खासगी मालकी मान्य करणारे कायदे केले. २०२० च्या 'आर्टेमिस' संकेतांनी, असे खनन म्हणजे स्वामित्व सांगणे नव्हेच, असा अर्थ रूढ करण्याचा प्रयत्न केला. जमीन कोणाची नाही, पण तीतून जे निघेल ते काढणाऱ्याचे! जून २०२३ मध्ये भारताने या संकेतांवरही सही केली. त्याआधी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या अवकाश धोरणात खासगी कंपन्यांना अवकाशातील साधनसंपत्ती बाळगण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क, आंतरराष्ट्रीय बंधनांच्या अधीन राहून का होईना, देऊन टाकला. हा संसदेने केलेला कायदा नव्हे, केवळ धोरण आहे.

१९८२ ची सही म्हणते की हा वारसा सर्वांचा. २०२३ ची सही आणि धोरण म्हणते की तो काढील त्याचा. या दोहोंपैकी भारत सरकारची भूमिका कोणती, आणि चंद्र कराराला अनुसमर्थन देण्याचा त्याचा विचार आहे की त्यातून बाहेर पडण्याचा, याचे लेखी उत्तर सरकारने दिले पाहिजे. संसदेतील समाजवादी सदस्यांनी येत्या अधिवेशनात त्यासाठी तारांकित प्रश्न दाखल करावा, आणि अवकाशविषयक कायद्याचे विधेयक जेव्हा केव्हा सभागृहापुढे येईल तेव्हा सामायिक वारशाचे तत्त्व त्यात घालणारी दुरुस्ती आतापासूनच तयार ठेवावी.